सासूने दिलेली डबी

सोळा फेब्रुवारी. थुंकीच्या तपासणीचा निकाल सांगायला संध्याकाळी कसबा बावड्याला गेले होते. टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांना तपासणं हे माझं काम. त्या घरात सासऱ्याला टीबी निघाला होता, औषध सुरू होतं. राहिले सासू, मुलगा, सून आणि सुनेचं तान्हं बाळ. खोकला कुणाला आहे, असं आधी विचारलं तेव्हा सासूच पुढे आली होती, "मला हाय की." मी डबी दिली. दुसऱ्या दिवशी तिने सकाळचा बेडका भरून दिला आणि त्यात जंतू निघाले.

असा निकाल ऐकून माणसं रडतात, नाहीतर माझ्याशी भांडतात. मी दोन्हीची तयारी ठेवून जाते. ही म्हणाली, "बरं. मग गोळ्या कधी देताय?"

बाई अंगाने भरलेली, कुठे थकवा नाही. दातांना मिश्री लावत बसली होती. उठून मोरीत थुंकली, काळंभोर. डबीतला बेडका मात्र पांढरट होता, मिश्रीचा एक ठिपका नव्हता.

"मावशी, माझ्यासमोर परत एकदा द्या."

"आता? आता कुठलं येतंय?"

"खोका की जरा."

तिने खोकून बघितलं. ते नाटकातलं खोकणं होतं. खरं खोकणं आतल्या खोलीतून आलं, तोंडात पदर कोंबून दाबलेलं.

"डबीतला बेडका सुनेचा होता न्हवं?"

तिने आधी बाहेरचं दार लावलं.

"हळू बोला की वो बाई. पोराला कळलं तर त्यो तिला लगेच नेसरीला सोडून येतोय बघा. बापाचं कळल्यापासनं म्हाताऱ्याचं ताट-तांब्या येगळा केलाय त्यानं. माहेरात तिचं हाय कोण? चुलता-चुलती. ती काय गोळ्या देणार? म्हणून म्हटलं, माझं नाव लागू दे. गोळ्या मी आणती, खाईल ती. मला आता कोण माहेरी सोडतंय?"

हसू आलं, पण हसायला वेळ नव्हता. "गोळ्या वजनावर देतात, मावशी. तुमचं वजन काय, तिचं काय? तुमच्या मापाच्या तिला सोसायच्या न्हाईत. आणि बाळाला कोण तपासणार? ते तिच्याच कुशीत झोपतंय."

बाळाचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सून आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला विचारलं, "नवऱ्याला सांगू का मी?"

"सांगा बाई. तोंड दाबून खोकायचं आता हुईना."

नवरा कारखान्यात रात्रपाळीला होता, सकाळी परतणार होता. मी सकाळी येते म्हणून निघाले.

घरी येऊन भाकरीला बसले, पहिलीच करपली. मी सकाळी सांगणार म्हटल्यावर त्या सासूचं तोंड रात्रभर काही गप्प राहणारं नव्हतं. फोनवर ती लेकाला काही बोलली, तर तो मी पोचायच्या आत बायको-बाळाला गाडीवर घालून मोकळा होणार. चुलत्याच्या दारात ती खोकत बसली, तर पुढे तिला तिथून बाहेर काढायला किती खटपट, ते मला माहीत होतं. टीव्ही लावला, बंद केला. कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या चुकल्या म्हणून परत घातल्या. गप्प राहा म्हणून सांगायला तिला फोन करावासा वाटत होता. पण फोन केला की सासू घाबरून लेकाशी बोलणारच, म्हणून केला नाही.

सकाळी चहा न घेताच गेले. सुनेचा नवरा नुकताच येऊन गाडी स्टँडला लावत होता. अंगणातच त्याला सगळं सांगितलं.

"मग हिला नेसरीला सोडतो," पहिलं वाक्य हेच.

"सोड की. तू रोज कुठं झोपतोस? हिच्या शेजारीच न्हवं? मग तुला कुणाकडं सोडायचं?"

सासू मागून म्हणाली, "आन मला? म्हाताऱ्याला? घरच मोकळं करू की एकदम!"

तो किल्लीशी चाळा करत उभा राहिला. मग बायकोकडे न बघता मला म्हणाला, "औषधानं जातंय का पण?"

"जातंय. रोज घेतलं तर. तुझ्या बापाचा खोकला कमी झालाय का न्हाय?"

"झालाय."

"मग बाळाला आण. हिला मागं बसव. तिघांचीही तपासणी करायचीय."

सून बाळाला दुपट्यात गुंडाळून मागे बसली. तो मला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो."

"न्हाई. तू पुढं."

त्याची गाडी पुढे घातली आणि दवाखान्याच्या दारात सून बाळाला घेऊन खाली उतरेपर्यंत माझी गाडी मागून हटवली नाही.