गाडी का बंद पडली

आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा सोसायटीने जिन्याखाली नोटीस लावली. दिवाळीनंतर महिन्याभरात घरं रिकामी करायची, आणि आवारातली बंद वाहनं त्याआधी हलवायची. आवारात बंद वाहन एकच होतं, ते आमचं. मागच्या भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीखाली नऊ वर्षं उभी असलेली बाबांची गाडी.

मला वाटलं, बाबा भंगारवाल्याला बोलावतील. पण नोटीस वाचून ते वर आले, चष्मा काढून टीव्हीवर ठेवला आणि म्हणाले, "ढकलत नाही न्यायची तिला. चालवत न्यायची."

आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "न्या कुठे न्यायची ती," ती म्हणाली. "मला त्यातलं काही सांगू नका."

बाबांना ते ऐकू गेलं नाही. कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती आणि तिथल्या मशिनांनी त्यांचे कान घेतले होते. कानाचं यंत्र आणून दिलेलं, ते कपाटातच असायचं. शिवाय आता हातही थरथरायला लागले होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "कोण करणार हे सगळं?" तर माझ्या हातांकडे बोट दाखवून म्हणाले, "तू. मी सांगतो."

घटस्फोट होऊन मी डोंबिवलीला परत आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत बाबांनी मला सांगितलेली ही पहिली मोठी गोष्ट. नाही म्हणायला तोंड उघडेना.

गाडी म्हणजे पूर्वी टॅक्सी असायच्या तशी. गोल दिवे, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. बाबांनी ती जुनीच घेतलेली, आणि स्वतः ठोकून-ठाकून चालती ठेवलेली. माझ्या धाकट्या भावाला तिचा फार लळा होता. रविवारी बाप-लेक दोघं बनियनवर बॉनेटमध्ये डोकी घालून उभे असायचे.

भावाला लहानपणापासून दमा होता. नऊ वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी त्याला श्वास घेता येईना. पंपाने भागलं नाही. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, आमच्याकडे सोय नाही, कल्याणला न्या. बाबांनी त्याला गाडीत घातलं, आई मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पत्रीपुलाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी गाड्या खोळंबलेल्या असताना, आमची गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू झालीच नाही. मागून हॉर्न, पुढे टेम्पो. कुणीतरी रिक्षा वळवून आणेपर्यंत वेळ गेला. तो दुपारी गेला. सव्वीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचला असता असं मी म्हणणार नाही, नसता वाचला असंही म्हणणार नाही.

चार दिवसांनी गाडी दोरीने बांधून आणली. बाबांनी बॉनेट उघडून बघितलंसुद्धा नाही. ताडपत्री टाकली, वर विटा ठेवल्या. आई त्यानंतर आवाराच्या त्या बाजूला कधी गेली नाही.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ताडपत्री काढली. आत मांजरांनी घर केलेलं. चारही टायर चेपून रिमवर बसलेले, खालचा पत्रा इतका सडलेला की पायाखालून जमीन दिसत होती. माझी सुट्टी रविवारी, आणि बाकीचे दिवस सकाळी कामावर जाण्याआधी एक तास. नवीन वस्तू घ्यायची नाही हा बाबांचा नियमच होता. टायर शहाडच्या एका भंगारवाल्याकडून, बॅटरी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरला नको झालेली, पत्र्याचे तुकडे जुन्या फ्रीजच्या दाराचे. वेल्डिंगवाला तेवढा बाहेरून आणला. बाकी घासणं, पुट्टी भरणं, पुन्हा घासणं हे माझ्याकडे. कार्बोरेटर मी स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, तर आईने ते पातेलं न बोलता उचलून गॅलरीत ठेवलं आणि ओटा तीनदा धुतला.

बाबा खुर्चीवर बसून सांगायचे. कुठला पाना, किती आवळायचा. कधी राहवलं नाही की उठून स्वतः हात घालायचे, आणि नट निसटून खाली पडला की माझ्याकडे न बघता पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे. मी गुडघ्यावर बसून नट शोधायची. आम्ही दोघं कामापलीकडचं काही बोलत नव्हतो. पण एकदा, मी पाण्याचा पंप उघडून पुसत असताना, ते अचानक म्हणाले, "मला बघायचंय, ती त्या दिवशी का बंद पडली."

तेव्हा मला कळलं की त्यांना गाडी चालवून न्यायची होती ते निमित्त. त्यांना कारण हवं होतं.

आणि कारण मला ठाऊक होतं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे होती. माझं तेव्हा ठाण्यात सासर, शनिवार-रविवार मी माहेरी आलेली. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना घेऊन मी खडवलीला नदीवर गेलेले. गाडीचा पेट्रोलचा काटा कायमचा अर्ध्यावर अडकलेला असायचा, हे घरात सगळ्यांना माहीत. म्हणून नियम असा, की लांब नेली की येताना पेट्रोल टाकायचं. येताना पंपावर रांग होती. मी म्हटलं, उद्या बघू. संध्याकाळी किल्ली खिळ्याला अडकवताना भावाने विचारलं, "ताई, पेट्रोल टाकलंस ना?"

मी म्हणाले, "हो रे, टाकलं."

एवढंच. त्याच रात्री मी ठाण्याला परत गेले. नऊ वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आमचं लग्न का मोडलं याची बरीच कारणं होती, पण मी घरात असून नसल्यासारखी वागते हे तो म्हणायचा, त्यात तथ्य होतं.

टाकी उतरवायचा दिवस आला. टाकीत पेट्रोल बरीच वर्षं पडून राहिलं की ते उडून जातं आणि तळाला काकवीसारखा चिकट थर राहतो, हे बाबांनीच मला सांगितलेलं. मी झाकण उघडून टॉर्च मारला. आत कोरडा लाल गंज होता. बोट फिरवलं, बोटाला भुकटी लागली. चिकट काही नाही. आत खडी आणि डिझेल ओतलं, जुन्या सतरंजीवर टाकी ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी गडगडा हलवली, आणि गंज डिझेलबरोबर वाहून गेला. पुराव्यासकट सगळं गटारात गेलं असं मनात आलं, आणि बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला नंतर जास्त शरम वाटली.

पुढच्या रविवारी आम्ही इग्निशनचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांचं काम काढलं. बाबांनी डिस्ट्रिब्युटरमधला छोटा कंडेन्सर बाहेर काढायला लावला. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. तिची वायर मुळाशी जळून काळी पडलेली. बाबांनी ती तळहातावर घेतली. हात थरथरत असल्यामुळे ती हातावर नाचत होती.

"हाच," ते म्हणाले. "गरम झाला की दगा द्यायचा. ट्रॅफिकमध्ये गरम झाली असणार."

मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसत राहिले.

"मला माहीत होतं गं. महिनाभर मिसिंग होत होती, मध्येच आचके द्यायची. तो म्हणायचा, बाबा बदलून टाकू. मी म्हटलं, पुढच्या रविवारी." ते तळहाताकडेच बघत होते. "माझंच पोर, आणि मी पुढच्या रविवारी म्हटलं."

मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. भाऊ गेला तेव्हाही नाही. आताही ते रडत नव्हते, फक्त खालचा ओठ आत ओढून धरला होता, लहान मूल धरतं तसा.

मी म्हणाले, "बाबा, टाकीत पेट्रोल नव्हतं."

"काय?"

"पेट्रोल नव्हतं त्या दिवशी."

"कसला दिवस?" त्यांनी कानामागे हात धरला.

मग मला ओरडावं लागलं. जे मी नऊ वर्षं कुणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं, ते मी सोसायटीच्या आवारात, भर सकाळी, बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. "मी पेट्रोल टाकलं नव्हतं! त्याने विचारलं, मी खोटं सांगितलं! टाकलं म्हणाले! गाडी माझ्यामुळे बंद पडली, बाबा!"

बाबांच्या डोक्यावरून मला आमची गॅलरी दिसत होती. आई दोरीवर चादर वाळत घालत होती. चादरीचं एक टोक तिच्या हातात राहिलं होतं, दुसरं सुटून गजांवरून खाली लोंबत होतं.

बाबांनी कंडेन्सर शर्टाच्या खिशात टाकला. "टाकी मी बघितली," ते हळू म्हणाले. "तळाला चिकट होतं. पेट्रोल होतं आत."

"नव्हतं, बाबा. मी बोट लावून बघितलं."

"मी फिटर का तू फिटर?" ते म्हणाले. "होतं म्हणतो ना. पाना दे तो."

ते खोटं बोलत होते की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही माहीत नाही. कदाचित ते कारण त्यांना स्वतःकडेच ठेवायचं होतं. नऊ वर्षं धरून ठेवलेलं, आता ते माझ्या हातात कसं देणार?

आई मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, डबा भरून ठेवायची, पण नजर देईना. चौथ्या दिवशी मी डबा उचलताना ती पाठमोरी राहूनच म्हणाली, "नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलीस."

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"आलीस की जेवायचीस. मी तुला विचारायची, त्याची आठवण येते का गं. तू हो म्हणायचीस." तिने गॅस बंद केला. "तेव्हा तरी सांगायचंस."

मी चप्पल घातली आणि कामाला गेले. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गाडी सुरू झाली. पहिल्या दोन खेपांना नुसतीच खोकली, तिसऱ्यांदा धूर ओकत धडधडायला लागली. बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. हाडातून आवाज कळतो म्हणे. डोळे मिटून ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. शेजारचे दोघं-तिघं टाळ्या वाजवायला लागले. मी वर बघितलं. गॅलरीचं दार बंद होतं.

त्याच दुपारी बाबा झोपलेले असताना आई माझ्यासमोर येऊन बसली. गाडीबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "त्याला पहाटे चारपासून त्रास होत होता."

"कुणाला?"

"त्याला. मला उठवलं त्याने. म्हणाला, बाबांना उठवू का. मी म्हटलं, नको, रविवार असून सेकंड शिफ्ट करून आलेत, झोपू दे. तुला वाफ देते. बसेल." ती साडीच्या काठावरचा दोरा ओढत होती. "सात वाजेपर्यंत मी त्याला वाफ देत बसले."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो हळूच काढून घेतला. रागाने नाही. तिला तो दोरा तोडायचा होता.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यांना ऐकू कुठे येतंय," ती म्हणाली आणि उठून गेली.

गाडी ठेवायला भाड्याच्या घरी जागा नव्हती. कागदपत्रांची मुदतही संपत आलेली. शेवटी कोलशेतला एकजण मिळाला, लग्नाआधीच्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारा. बाबा हो म्हणाले. कारण सापडलं होतं, आता गाडीशी त्यांना काही करायचं नव्हतं असं दिसलं.

द्यायला निघालो त्या सकाळी आई चपला घालून जिन्यात उभी होती. ती मागे बसली, दाराला चिकटून, मधली जागा मोकळी ठेवून. मी चालवत होते. आम्ही शिळफाट्याने गेलो, पत्रीपूल त्या वाटेवर येतच नाही. अख्ख्या रस्त्यात बाबा फक्त "गिअर बदल" आणि "चोक आत घे" एवढंच बोलले. आरशात मला आई दिसत होती. खिडकीबाहेर बघत होती, आणि एक हात रिकाम्या सीटवर सपाट ठेवलेला.

त्या माणसाने गाडी फिरवून बघितली, रंग हाताने दिलेला दिसतो म्हणाला, नव्याने स्प्रे करून घेऊ म्हणाला. बाबांनी त्याला कंडेन्सर नवीन आहे, तेवढाच नवा घेतलाय, हे दोनदा सांगितलं.

परत येताना ठाणे स्टेशनची बस मिळाली. गर्दी होती, एकत्र जागा नव्हती. बाबांना पुढे कुणीतरी उठून जागा दिली, आईला मध्ये मिळाली, मी मागे उभी राहिले. पुढच्या स्टॉपला माझ्या शेजारची सीट रिकामी झाली आणि मी बसले. आईने मागे वळून मला जागा मिळाली का ते बघितलं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं.