पंचवीस प्रती आणि एक उलटा घड

समस्त खानदेशवासीयांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की जळगावात जन्मून, जळगावातच पन्नाशीला टेकलेल्या एका चित्रकाराने केळीचा घड उलटा काढला. तो चित्रकार मीच.

घड काळ्या शाईतला. महिनाभर रोज संध्याकाळी बारीक निबाने, ठिपका ठिपका मांडून काढलेला. धुळ्यातल्या प्रदर्शनासाठी जाड सुती कागदावर त्याच्या पंचवीसच प्रती छापल्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही. सव्विसावी प्रत कधीच निघणार नाही, हा घेणाऱ्याला माझा शब्द.

प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं आणि शेजारचे नाना डोकावले. त्यांची असोद्याला केळीची बाग. चष्मा कपाळावर सारून त्यांनी चित्र पाहिलं.

"काय भो, केयीला शीर्षासन घातलं का? बागेत केयी वर वळतात, खाली नाही!"

माझे कान तापले. मी बाजारातून केळ्यांची एक फणी आणली होती, दुकानात असते तशी खिळ्याला टांगली होती आणि तिच्याकडे बघून नऊ फण्यांचा अख्खा घड रचला होता.

"आमच्या धुळ्यात कोणाला कळतंय?" बायको म्हणाली. तिचं माहेर धुळ्याचं, म्हणून तिला हे बोलायची मुभा.

"मला कळलंय ना आता!"

पंचवीस भिंतींवर माझी चूक, तीही सहीनिशी, कायमची? मी गठ्ठा उचलला आणि बाणेदारपणे फाडायला घेतला. सुती कागद दाद देईना. शेवटी बायकोने मुकाट्याने कात्री आणून दिली, तेव्हा आमचा बाणा पूर्ण झाला.

दुसऱ्या दिवसापासून नानांच्या बागेत, झाडावरच्या घडासमोर, पालथ्या क्रेटवर मुक्काम. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, सलग नऊ दिवस. मान आखडली, डासांनी फोडून काढलं, पण उठलो नाही. मागे नानांची देखरेख होतीच: "त्या फणीवरचा डाग राहिला, भो." तो डागही चित्रात उतरवला. पुन्हा पंचवीस प्रती छापल्या.

उद्घाटनाला नाना एसटीने धुळ्याला आले ते थेट माझ्या चित्रासमोर. नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. एकेक फणी बोटाने चाचपत खालून वर गेले. बायकोची नजर माझ्यावर. अखेर नाना अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले,

"अरे भो, हा तर कापनीवर आला! गाडी सांगू का?"