सर्जेरावांच्या चपला

मंडळी, आज जे झालं ते इथं कुणाला सांगता येत नाही. कॉलेजच्या आपल्या ग्रुपवर तरी बोलावं म्हणून हा ई-मेल लिहितोय.

आष्ट्याजवळच्या साखर कारखान्यात कुठला फिटर, कुठला वायरमन कोणत्या कामावर जाणार, हे ठरवणारा प्रोग्राम मी सांभाळतो. आज सकाळी तो मधेच अडकला. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, तरी ढिम्म. शेवटी कालपर्यंतच्या नोंदींची फ्लॉपी घातली आणि तो सुरू झाला. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

तेवढ्यात कारखान्याच्या पाण्याच्या पंपावरून फोन, "लाइन कवा देताय?" पंपाला वीज देणाऱ्या तीन नंबरच्या लाइनवर स्क्रीनवर कुणीच कामाला दिसत नव्हतं. मी स्विचरूमला फोन लावला. "तीन नंबर चालू करा."

पलीकडून महादूअण्णा म्हणाले, "आवं सायेब, सर्जेरावच्या चपला अजून हितंच हायत."

मी घाईनं "राहू द्या, राहू द्या" म्हणालो. आमच्याकडे खांबावर जाणारा वायरमन स्विचखाली चपला काढून रबरी बूट घालतो. चपला तिथं असेपर्यंत स्विचला कुणी हात लावत नाही. सर्जेरावांना हे काम आज सकाळी मीच दिलं होतं. कालच्या फ्लॉपीत ते असणार कुठून!

दुपारी सर्जेराव खांबावरून उतरले, चपला घालून माझ्या दारात आले. "लय घाम आलाय तुमाला. पंखा बंद हाय व्हय?"

मी "हो" म्हणालो. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?