एक्क्याऐंशीवा किलोमीटर

माझे सासरे कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती ठोकून बघत. माठ, नारळ, टरबूज, गॅसचं सिलिंडर, गच्चीवरची पाण्याची टाकी, काहीही. आम्ही परभणीत फ्लॅट घ्यायला गेलो तेव्हा बिल्डर हॉलचं कौतुक सांगत होता आणि हे बोटांची पेरं आपटत खोल्याखोल्यांतून फिरत होते. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "ही पोकळ बोलायलीय." बिल्डर म्हणाला, "काका, ते कपाटाचं दार आहे." मामांना त्याचं काही वाटलं नाही. पोकळ होतं की नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

मी त्यांना मामा म्हणायची. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांनी हयातभर एसटी चालवली आणि ही खोड तिथलीच. गाडी काढण्याआधी हातात टॉमी, म्हणजे टायर उतरवायचा लोखंडी दांडा घ्यायचा, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. हवा भरलेली असेल तर ठोका टणक येतो आणि दांडा उसळतो. हवा कमी असेल तर नुसतं थप्प होतं. निवृत्त झाल्यावर एसटी सुटली, टॉमी सुटला नाही. मिलिंदसाठी मला बघायला आले तेव्हा घरात पाऊल टाकण्याआधी ते माझ्या वडिलांच्या स्कूटरला भेटले. आत येऊन जयभीम केला आणि पहिलंच वाक्य बोलले, "मागच्यात हवा कमी हाय, पाव्हणं." वडील बिचारे बराच वेळ त्यात काहीतरी सोयरिकीचा गूढ अर्थ शोधत बसले. अर्थ एवढाच होता की मागच्यात हवा कमी होती.

हा माणूस एका जागी बसलेला मी पाहिला नाही. बसले तरी खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतानं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून राणीसावरगावात एकटेच राहत. रविवारी पहिल्या गाडीनं आमच्याकडं यायचे, नळापासून नातवाच्या सायकलीपर्यंत सगळं ठोकून व्हायचं, आणि मी पोळ्या लाटत असतानाच "चला" सुरू. "मामा, आत्ता तर आलात." "आलो ना. मंग चला." तब्येतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "हवा टाईट हाय." थंडीतापात अंग फणफणलेलं असतानाही टाईट. आत्याबाईंचे दिवस-कार्य आटोपून परतताना मी विचारलं होतं, तेव्हाही टाईटच.

खरं सांगायचं तर मीही काही शांत बाई नाही. गंगाखेडला कॉलेजात शिकवते, रोज जाऊन-येऊन करते, आणि पायात चपला घालता घालताच घरच्यांशी बोलते. आम्हा दोघांच्या मध्ये मिलिंद. तो लहान मुलांचा डॉक्टर. दिवसभर रडणारी पोरं आणि घाबरलेल्या आया बघून त्याच्यात एक थंडपणा मुरलेला. या थंड माणसानं आयुष्यात एकच हौस केली. पुण्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरकडून वापरलेली, काळी, लांबलचक जर्मन गाडी घेतली.

ती पहिल्यांदा राणीसावरगावात नेली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. कुणी काचेत तोंड बघत होतं, कुणी आतल्या कातड्यावरून हात फिरवत होतं. मामा टॉमी घेऊन आले, चारी चाकं ठोकली, मान हलवली, मग डिकी उघडायला लावली. आतला गालिचा उचलला, खाली वाकून बघितलं आणि सरळ उभे राहिले.

"स्टेपनी कुटं हाय?"

"ह्या गाडीला स्टेपनी नसते, बाबा," मिलिंद म्हणाला. "ह्या टायरच्या बाजूच्या भिंती जाड असतात. पंक्चर झालं, सगळी हवा गेली, तरी चाक बसत नाही. सावकाश ऐंशी किलोमीटर जाता येतं. रस्त्यात उतरायचं काम नाही, जॅक लावायचं काम नाही."

"आन् एक्क्याऐंशीव्या किलोमीटरला?"

लोक हसले, मिलिंदही हसला. मामा हसले नाहीत. त्यांना उत्तर पाहिजे होतं.

तेव्हापासून आमच्या घरात त्या टायरांवरून जो वाद लागला तो काही मिटेना. मामांच्या तक्रारींत तथ्य नव्हतं असं नाही. ती जाड टायरं दगडासारखी कडक. गंगाखेडच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मणक्यात मोजता यायचा. पंक्चरवाल्यानं टायर बघून हातच मागं घेतला. म्हणाला, "साहेब, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, नवीनच मागवा," आणि नवीन यायचं हैदराबादहून. पण मामांचं खरं दुखणं निराळं होतं. त्यांच्या मते गाडीनं अधूनमधून बंद पडायलाच पाहिजे. "पंक्चर झालं की मानसं खाली उतरतात. उतरली की बोलतात. माझ्या गाडीच्या पंक्चरमधी एक सोयरीक जमलीय, बाभळीखाली. मला लग्नात पुढं बसवलं होतं. तुमची गाडी थांबतच न्हाई, मंग तुमी बोलावं कवा?"

मी मात्र त्या टायरांच्या बाजूची. कारखान्याचा हंगाम चालू असताना एकदा कॉलेजातून निघायला उशीर झाला. दिवेलागणीची वेळ, मागंपुढं उसाच्या ट्रॉल्या, आणि गाडीत समोरचा, हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा पेटला. चाकात खिळा घुसला होता. साधं टायर असतं तर त्या अंधारत्या रस्त्यावर एकट्या बाईनं उतरून जॅक लावायचा, नाहीतर कुणाच्या तरी मदतीची वाट बघत भीत उभं राहायचं. मी दारं लॉक केली, गाडी हळू घेतली आणि परभणीत आपल्या दारात आणून लावली. मामांना हे ऐकवलं तेव्हा म्हणाले, "तुझं खरं हाय. पन माझं बी खोटं न्हाई."

मग मानवतचं लग्न आलं. मामांच्या बहिणीच्या नातवाचं. मी आदल्या दिवशीच गाडी घेऊन गावी गेले होते. मिलिंद दवाखाना आटोपून परभणीहून परस्पर येणार होता. मामांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि किल्ली मागितली. गाडी चालवायला मिळाली की त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा. मिलिंद हल्ली त्यांना स्टिअरिंग देताना कां-कूं करायचा, मी देत असे.

गंगाखेड यायच्या आधीच तो पिवळा दिवा पेटला. मामांनी गाडी बाजूला घेतली, टॉमी काढला, चारी चाकं ठोकली. चारही आवाज टणक. मीही उतरून बघितलं, एकही चाक बसलेलं दिसत नव्हतं. "दिवा बोंबलायलाय, टायर ठीक हाय," म्हणाले आणि निघाले. परभणीच्या अलीकडं मी म्हणाले, "मामा, एकदा दाखवून घेऊ." त्यांनी पुन्हा थांबवली, पुन्हा ठोकली. आवाज तोच. "चाळीस वर्सं ह्या कानानं गाडी चालवली, पोरी. एका बल्बाचं ऐकू?" लग्नाची वेळ जवळ येत होती. आम्ही शहर मागं टाकलं.

मानवत जवळ आलं आणि मागून जळक्या रबराचा वास आला. पाठोपाठ धडधड सुरू झाली आणि गाडी डावीकडं ओढली गेली. मामांनी ब्रेकवर पाय आपटला नाही. नुसता वेग सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी कपाशीच्या शेताकडेला आणून उभी केली. डाव्या मागच्या टायरची भिंत फाटून चिंध्या लोंबत होत्या. आम्हाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मामा टॉमी घेऊन उरलेली तीन चाकं ठोकत राहिले. एकदा, परत एकदा. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तुला बी आवाज सारखाच आला होता का गं?"

"हो."

"तुझं सोड, तुझ्या कानाला सवय न्हाई. माझे कान गेले."

त्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी आत्याबाईंच्या वेळीही पाहिला नव्हता. मी मिलिंदला फोन लावला. त्यानं सांगितलं ते मामांना सांगितलं, की या टायरची भिंतच इतकी टणक असते की रिकामं असलं तरी भरल्यासारखं दिसतं आणि भरल्यासारखंच वाजतं. म्हणून तर तो दिवा दिलेला असतो. मिलिंद निघाला होता, गाडीला टोचन लावून न्यायला ट्रक सांगितला होता. आता वाट बघण्याशिवाय काही काम नव्हतं.

मामा रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. पूर्ण बसले, कडेवर नाही. "रिकामं झालं तर बोलावं की," स्वतःशीच म्हणाले. "गप राहून पळायलंय." मी शेजारी बसले. रस्त्यानं एक जीप गेली, एक एसटी गेली, ड्रायव्हरनं ओळखून हात केला, मामांनीही केला. मग म्हणाले,

"मला बी दम लागायलाय, पोरी."

मला आधी कळलंच नाही.

"दिवाळीपासून. स्टँडावरून घरापर्यंत यायला लय दम लागतो. मधीच चप्पल काढून झटकतो, म्हंजे लोकाला वाटतं खडा गेला. आडवं पडवत न्हाई. भितीला टेकून झोपतो."

"मिलिंदला का नाही सांगितलंत?"

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं गाडी माझ्या हातातून काढली असती." टॉमी त्यांनी मांडीवर आडवा ठेवला होता. "आता तशी बी सुटलीच म्हना."

आम्ही लग्नाला गेलोच नाही. मिलिंद आला आणि आम्ही सरळ परभणीला त्याच्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेल्या त्या खोलीत पोरांच्या स्टुलावर मामा सदरा काढून पाठमोरे बसले. मिलिंदनं त्यांच्या पाठीवर डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकायला लागला. वरून खाली, एकेक बोट सरकत. जन्मभर जगाला ठोकून बघणारा माणूस मान खाली घालून ऐकत होता. वरचा आवाज पोकळ, मोकळा येत होता. पाठीच्या मध्याखाली आला आणि थप्प झाला.

"बदलला," मामा म्हणाले. मिलिंदच्या आधी.

मिलिंदचा हात तिथंच थांबला. "तिथं पाणी साचलंय, बाबा."

मामा वळून माझ्याकडं बघून हसले. "म्हंजे कान शाबूत हायेत माझे." त्यांना खरोखर आनंद झाला होता. मला मिलिंदच्या तोंडाकडं बघवलं नाही.

पाणी काढलं, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. ते नाव मामांनी घरात कुणाला घेऊ दिलं नाही. "किती दिवस?" असं त्यांनी मिलिंदला विचारलं. रोज परक्या आयाबापांना समजावणारा मिलिंद स्वतःच्या बापापुढं नुसता रिपोर्टांची पानं उलटत राहिला. मामांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. ऐंशी धरून चालू."

ते आमच्याकडंच राहिले. आता संध्याकाळच्या गाडीनं परत जाणं नव्हतं, पण अंगातली चुळबुळ गेली नव्हती. गॅलरीतून दारापर्यंत, दारातून गॅलरीपर्यंत फेऱ्या चालायच्या, मधे दम घ्यायला भिंतीला हात. मिलिंद चिडून साधी टायरं आणि स्टेपनी घ्यायला निघाला होता. मला वाटलं, मामा खूश होतील. त्यांनीच नको म्हटलं. "ही एकटी येती-जाती. हिला हेच बरं. कडक हाय, महाग हाय, पन हिला रस्त्यात उतरवत न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फक्त दिवा पेटला की ऐकायचं. ह्या टायरची जबान त्या दिव्यात हाय. ठोकत बसायचं न्हाई." मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी टॉमी त्याच दिवशी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या रिकाम्या जागेत ठेवून दिला.

तरीही "मामा, कसं काय?" विचारलं की उत्तर "टाईट"च. नळी लावलेली असताना टाईट, अन्न जात नसताना टाईट. मला राग यायचा. मोरीवर बसून एकदा खरं बोललेला माणूस पुन्हा गप राहून पळत होता. पण आजारी माणसाशी भांडावं कसं? मीही विचारायची ती जाता जाताच, एक पाय दाराबाहेर ठेवून. त्या प्रश्नाला तेवढंच उत्तर मिळायचं.

एके दिवशी सकाळी मी अशीच निघाले होते. पायात चपला, खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली. दारातूनच ओरडले, "मामा, कसं काय?"

उत्तर आलं नाही. मी आत डोकावले. ते उशांना टेकून माझ्याकडंच बघत होते.

"हवा कमी हाय आज, पोरी," ते म्हणाले. "थांबतीस का जरा?"

मी चपला काढल्या. किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली, मिलिंदला फोन करून बोलावलं आणि त्यांचा हात हातात घेऊन बसले. पुष्कळ बोलले ते त्या दिवशी, तुटक तुटक. आत्याबाईंचं, राणीसावरगावच्या घराचं, बाभळीखाली जमलेल्या त्या सोयरिकीचं. दुपारी मामा गेले. गाडी दिवसभर दारात उभी होती.