शेळकेमामांच्या भिंतीला तेल

माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तिच्या धंद्यातलं एकच काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि ते म्हणजे ‘नाही’ म्हणून परत येण्याचं.

दाजी वारल्यावर घरं बाहेरून धुऊन, रंगवून देण्याचा त्यांचा धंदा आक्का चालवू लागली. मी शाळेत ग्रंथपाल. धुण्याचा माझा अनुभव कपबशीपुरता. (त्यातही कपांचे कान राहत नसत.) नव्वदचं दशक संपत आलं होतं. कळंब्याच्या शेळकेमामांनी मुलाच्या लग्नासाठी घर धुवायला काढलं. आक्का तेव्हा नेसरीला दुसऱ्या कामात अडकलेली, म्हणून त्यांनी भावकीतल्याच एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं दर्शनी काळ्या दगडाला बेधडक ॲसिड मारलं. दगडावर कोड फुटल्यासारखे पांढरे चट्टे उठले आणि ठेकेदार फोन उचलेनासा झाला. लग्न आठवड्यावर आलेलं. मामांचा निरोप आला, आता तूच निस्तर.

आक्का दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होती. धुतलेले ब्रश पुन्हा धूत होती. बाईला काम द्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा तिला पहिलं घर मामांनीच दिलं होतं. त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणावं, तर ॲसिडनं जळलेला दगड काही पुन्हा काळा होत नाही.

“आज त्याचं नाव खराब हाय,” ती म्हणाली. “उद्या मी हात लावला की माझं हुतंय. बाईमाणसानं घाण केली म्हणून गावभर करतील. ह्या नावावर तर घर चाललंय माझं.”

संध्याकाळपर्यंत तिनं तीनदा हो ठरवलं आणि चारदा नाही. शेवटी नाहीवर गाडी थांबली असताना तिनं घाईघाईनं मला चपला घालायला लावल्या. मामांच्या तोंडावर नाही म्हणणं तिला जमणार नव्हतं. मी गोड बोलतो, असा तिचा समज होता. मी हात जोडायचे, चहा प्यायचा आणि परत यायचं. “भिंतीला मातूर हात लावू नगंस,” तिनं दारातून बजावलं.

नकाराचं एक सुंदर भाषण मी वाटेत तयार केलं. पण तिथं चहा आला, चहामागून पोहे आले, आणि पोह्यांमागून मटणाचं ताट. (पांढरा रस्सा मी दोनदा मागून घेतला. एकदा तरी नको म्हणायला हवं होतं!) ज्यांचा रस्सा अजून ओठांवर आहे त्यांना नकार द्यायचा कसा, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यात मामी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, सून असल्या कोडाच्या भिंतीपुढनं घरात यायची का?

मला राहवेना. डोक्यात एकदम मारुती आला. दर शनिवारी तेल पिऊन मारुतीचा दगड कसा काळाभोर दिसतो! मी मामींकडून वाटीभर शेंगतेल मागून घेतलं आणि दाराशेजारच्या दगडावर, फक्त नमुना म्हणून, बोळा फिरवला. चट्टा नाहीसा झाला. दगड असा लखलखला की मामींचं रडणं थांबलं.

मी हात पुसून भाषणाला सुरुवात केली, तर मामा म्हणाले, “एवढाच तुकडा काळा ठिवून जाताय व्हय मास्तर?”

निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशी आक्का आली. तो तुकडा तिनं बराच वेळ पाहिला. ती ओरडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. मग तिनं पदर खोचला आणि तेलाचा डबा मागितला. तिनं आणि तिच्या माणसांनी अख्खा दर्शनी भाग तेलानं माखला. घर देवळासारखं दिसू लागलं. मामा खूश, मामी खूश. आक्का मात्र रोज संध्याकाळी जाऊन भिंत बघून यायची. “लई बेस दिसतंय,” म्हणायची, “म्हणूनच जिवाला घोर लागलाय.”

लग्नाची वरात दारात आली. नवरदेव तालमीतला, त्यामुळे अख्खी तालीम वरातीत, आणि तालीम म्हटल्यावर पोत्यानं गुलाल. पहिली ओंजळ उडाली तेव्हा मला मारुतीचं उरलेलं शास्त्र आठवलं. तेल लावतात ते शेंदूर धरून राहावा म्हणून.

गुलाल खाली बसला तेव्हा नवरा-नवरी, बँडवाले आणि घर एकाच रंगाचे झाले होते. माणसांनी गुलाल झटकला. घरानं तो जपून ठेवला. रस्त्यानं जाणारे थांबून विचारू लागले, मामा कुठल्या निवडणुकीत निवडून आले?

ते ॲसिडवाले ठेकेदारही आहेर घेऊन आले होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ह्ये कुणाचं काम?”

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुढं झालो आणि दगडाच्या सच्छिद्रतेविषयी बोलू लागलो. आक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“माझ्या भावाचं,” ती शांतपणे म्हणाली. “लई शिकलाय त्यो.”

“आस्सं,” ठेकेदार म्हणाले, आणि सगळा मांडव समजुतीनं हसला. पुढं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. त्याच मांडवात आक्काला आणखी दोन घरांची कामं मिळाली. कामं देणाऱ्यांची अट एकच होती, भावाला आणायचं नाही.

गुलाबी रंग जायला दोन पावसाळे लागले. माझं नाव त्याहून पक्कं निघालं.

यंदा आक्का गेली. दिवसकार्याला तिच्या फोटोवर उदबत्तीची राख पडली होती. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी रुमाल काढून काच पुसायला वाकलो. इतक्यात काठी टेकत शेळकेमामा आले. त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी हळूच माझ्या हातातला रुमाल काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या मास्तर,” ते म्हणाले. “तुम्ही नगा हात लावू.”