हिरव्या दिव्यावरची गाडी

दगडू गेल्याचं मला डाक्टरच्या आधी कळलं. त्याचं डोकं माझ्या मांडीव हुतं. विळद घाट चढून गाडी सपाटीला लागली, तवा माझ्या हातातला त्याचा हात एकदम जड झाला. मी काय बोलले न्हाई. पुढं प्रज्ञा गाडी चालवत हुती, त्याची सून. तिला सांगितलं असतं तर तिच्या हातनं गाडी सुटली असती. नगरला हास्पिटलच्या दारात डाक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आन् मान हलवली, तवा ती तितंच फरशीव बसली. मी गाडीत त्याची चप्पल शोधत हुते. एक पायात हुती, दुसरी सापडंना... दीड म्हयना झाला त्याला.

दगडू माझा पाठचा भाऊ. सात वर्सानं ल्हान. आई तो अंगाव पीत हुता तवाच गेली, म्हनून तो माझ्याच कडंव वाढला. दुष्काळात मी खडी फोडायच्या कामाव जायची, तवा तो तितंच खडीच्या ढिगाच्या सावलीत बसून पाटीव अक्षरं काढायचा. मी दुसरीतनं शाळा सोडली, तो दहावी झाला आन् यष्टीत डायव्हर लागला. माझं लगीन झालं, पोरबाळ काय झालं न्हाई, आन् मालक वारले तसं सासरच्यांनी माझी पिशवी दारात ठिवली. दगडू खाकी कपड्यावरच आला हुता, ड्यूटी संपवून. कुनाशी भांडला न्हाई. म्हनाला, "आक्का, पिशवी उचल, गाडी जाती." तवापासनं मी राहुरीच्या पुढं त्याच्याच घरात हाय. त्याची बायको चार वर्सामागं गेली. पोरगा विकास पुन्याकडं कंपनीत, सुट्टीला येतो. म्हंजी घरात आमी तिघं, दगडू, प्रज्ञा आन् मी.

माझ्या किडन्या गेल्या तवापासनं आठवड्यातनं दोनदा नगरला जावं लागतं, सावेडीत, रक्त धुयाला. चार तास मशीनला हात बांधून पडायचं. आधी यष्टीनंच जायचो. एकदा येताना स्टँडवर मला भवळ आली आन् मी पडले, गुडघा फुटला. मग विकासनं ही गाडी घेतली, बापाला म्हनाला आत्याला हिच्यातनं न्या-आना. गाडी नव्या तऱ्हेची, तिला गियर टाकायचा न्हाई. दोन सीटाच्या मधी एक गोल खटका हाय. डावीकडं फिरवला की समोर हिरवा दिवा लागतो, मधी निळा, उजवीकडं तांबडा. इंग्रजी नावं हायती त्येंची, मला वाचता येत न्हाईत, मी रंगावरनं वळखते. गाडी बंद करून परत चालू केली की आपोआप निळ्याव येती.

दगडूनं पहिल्या दिवशी मला पुढं बसवलं आन् समजावून सांगितलं. हिरव्याव गाडी इचार करून पळती, पाय दाबला तरी लगीच उठत न्हाई. निळा बाजारहाटाचा. आन् तांबडा म्हंजी बैल उधळला. म्हनाला, आपुन आपलं हिरव्याव जायचं. पर त्याची खोड अशी, की इस्टेरिंगवरनं हात काढायचा न्हाई. यष्टीत गियर टाकायला काढावा लागायचा, हितं तेबी काम न्हाई, मग कशाला काढायचा. म्हनून खटका फिरवायचं काम माझं. मला म्हनायचा, "तू माझी कंडक्टर. तू डबल दिल्याबगर गाडी हालनार न्हाई." यष्टीत कंडक्टर दोनदा घंटी वढतो ना, तसं. गाडी चालू करून तो समोर बघत थांबायचा. मी खटका हिरव्याव फिरवायचे, मगच गाडी निघायची. अडीच वर्सं, आठवड्यातनं दोन दिस, जाता-येता. माझ्या हाताला ते असं बसलं हुतं, की इंजनाचा आवाज झाला की हात आपोआप जायचा.

ऊसाच्या दिवसात ह्या रस्त्याला डबल ट्रॉल्या. घाटात तर एकीच्या मागं एक. दगडू आपला त्येंच्या मागं मागं. प्रज्ञाला गाडी त्यानंच शिकवली हुती, कापनी झालेल्या वावरात. कधी ती मागं बसून यायची, मग त्याला टोचायची. सासऱ्याला ती मामा म्हनती. "मामा, तांबड्याव टाका की आता. ह्या ट्रॉलीच्या मागंच म्हातारं व्हायचं का?" दगडू म्हनायचा, "मी झालोच हाय." ती लई हसायची आन् तो आरशातनं तिच्याव डोळे वटारायचा. मला सांगायचा, आक्का, हिरव्याव तेल वाचतं. यष्टीत कुनी किती डिझेल जाळलं ते डेपोत सायेब समद्यांदेखत सांगायचे, माझं नाव कधी वाईटात आलं न्हाई. मला पटायचं. रक्त धुऊन येताना माझं पोट ढवळायचं, गाडी जरा जरी हिसकली तरी वकारी यायची. पर त्याच्या गाडीत कधी आली न्हाई. मला पानी मोजून प्यावं लागतं, म्हनून तोबी माझ्यादेखत गाडीत पानी प्यायचा न्हाई. उन्हाळ्यातसुदीक. घरी आला की मागच्या दारी जाऊन तांब्या तोंडाला लावायचा... मला दिसायचं.

त्या दिवशी बुधवार हुता, माझी मशीनची पाळी नव्हती. सकाळी म्हनाला, छातीत जळजळतंय. मी म्हनलं पित्त असंल, लिंबू-सोडा दिला. घामानं त्याचा सदरा भिजला तवा प्रज्ञानं गाडी काढली. राहुरीच्या डाक्टरनं छातीला वायरी लावून पट्टी काढली आन् म्हनला, हार्टचं हाय, नगरला न्या, ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका, गाडी हाय तर निघा. दगडू आपल्या पायानं चालत येऊन मागं बसला. मी त्याच्याशेजारी. प्रज्ञानं गाडी चालू केली. इंजनाचा आवाज झाला... आन् मी दोन सीटाच्या मधनं वाकून खटका हिरव्याव फिरवला.

मी काय इचार करून फिरवला न्हाई. पर फिरवला. प्रज्ञाचं ध्यान रस्त्याकडं, मागनं टेम्पो येत हुता. तिला कळलं न्हाई.

राहुरीपासनं घाटापर्यंत ती पोरगी पाय दाबत हुती आन् गाडी इचार करत हुती. एक ट्रॉली गाठायची, वलांडायला बघायची, समोरनं कंटेनर यायचा, परत मागं. दगडू माझ्या खांद्याला टेकलेला, डोळे झाकून. घाट लागला तवा पुढं दोन ट्रॉल्या लागोपाठ. प्रज्ञा रडकुंडीला आली. म्हनली, "आत्या, गाडी वढत का न्हाई वो?" मी वर बघितलं तर समोर हिरवा दिवा. मी हात घालून खटका पार तांबड्याव नेला. गाडी अशी उसळली की दगडूचं डोकं खांद्यावरनं घसरून मांडीव आलं. दोन्ही ट्रॉल्या मागं पडल्या. प्रज्ञाला वाटलं, आता तिचा पाय नीट बसला. मी तिला तसंच वाटू दिलं. आन् मग सपाटी लागली.

दगडूच्या जलदानविधीला पावनेरावळे आले, यष्टीतले जुने डायव्हर आले. जो येईल त्याला प्रज्ञा एकच सांगायची, "माझ्यानं गाडी पळवली न्हाई. मी घाबरले, पाय दाबायला चुकले." लोक समजूत काढायचे. मी भिंतीला टेकून बसलेली हुते, सगळं ऐकत. तिनं गाडीची चावी खिळ्याला लावली ती काढलीच न्हाई. विकास म्हनाला एक चक्कर मार, भीती जाईल, तर ती उठून आत गेली. मग परत यष्टी. प्रज्ञाच संगं यायची. येताना गर्दी, कधी जागा मिळायची, कधी न्हाई. ती माझ्या काखंत हात घालून हुभी ऱ्हायाची आन् मला वाटायचं, जिच्या जिवाव मी हुभी हाय तिच्याच डोक्याव माझं वझं टाकलंय.

मशीनवरच्या डाक्टरला मी एकदा इचारलं, दहा-पंधरा मिनिटं आधी नेला असता तर? तो म्हनला, आजी, झटका मोठा हुता, फरक पडला नसता. पर म्हाताऱ्या बाईला कुनीबी तसंच सांगनार. रोज मी मनात तो रस्ता परत जायची. ही ट्रॉली वलांडली असती, तो कंटेनर लागलाच नसता... मिनिटं काय जुळायची न्हाईत. आन् सांगायचं म्हनलं की दुसरी भीती. माझं वय सत्तरीच्या पुढं, आठवड्यातनं दोनदा नगरला न्यावं लागतं, म्हंजी कुनावर तरी भार. दगडू हुता तवर मी त्याची बहीन हुते. आता प्रज्ञाची मी कोन? सासऱ्याची बहीन. तिनं पिशवी दारात ठिवली तर ह्या बारीला उचलायला यायला कुनी न्हाई. खडी फोडली, उपाशी निजले, मालक गेले, तवाबी असं भ्या वाटलं नव्हतं.

शेवटी एक दिस दुपारी ती पडवीत गहू निवडत हुती. मी समोर जाऊन बसले. म्हनलं, "प्रज्ञा, तुझा पाय बरुबर हुता. राहुरीला गाडी निघाली तवा मी खटका हिरव्याव फिरवला. घाटात मीच तांबड्याव केला. तुझी काय चूक न्हाई."

तिची बोटं थांबली. मग परत खडे येचायला लागली. लई येळ. सूपभर गहू झाले तिचे. मला वाटलं आता काय ते बोलंल. मी पिशवीत काय काय भरायचं तेबी मनात धरून ठिवलं हुतं, लुगडी दोन, गोळ्या, फाईल.

ती म्हनली, "मामा तुमी नसताना तांबड्याव चालवायचे, आत्या."

मला समजंना. म्हनलं, कोन?

"मामाच. मी बसायचे ना बाजाराला जाताना. ट्रॉली दिसली की म्हनायचे, खटका फिरव, बघ आता. सुईंकन काढायचे आन् मग सांगायचे, आक्काला बोलू नको."

"मग तेल वाचतं म्हनायचा ते?"

"कसलं तेल. तुमाला येताना मळमळायचं, म्हनून हिरवा. तुमाला तसं सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, माझ्यासाठी कशाला, चल बिगी बिगी."

तसंच म्हनले असते मी. म्हंजी माझ्या हाताला ती खोड लागली ती माझ्यासाठीच लावलेली... हे ऐकून हलकं वाटलं का जड, ते मला अजून सांगता येत न्हाई. प्रज्ञा रडत हुती, सूप मांडीव तसंच. तुमची चूक न्हाई, असं ती म्हनली न्हाई. मी वाट बघितली न्हाई म्हनले तर खोटं हुईल. तिनं पदरानं नाक पुसलं आन् म्हनली, "मंगळवारी आठला निघू गाडीनं. यष्टीत तुमाला हुभं ऱ्हावं लागतं."

मंगळवारी ती चावी घिऊन आली. मी मागचं दार उघडाय गेले तर म्हनली, पुढं बसा. गाडी चालू केली आन् ती थांबली. मी हात पदरात गुंडाळून घेतले. म्हनलं, तू बघ, तुला चालवायचीय. तिनं निळाच ऱ्हाऊ दिला.

आता जाताना ती निळ्याव नेती. घाटात ट्रॉली आडवी आली की तांबडा लावती, वलांडती, परत निळा. तेवढा येळ माझा जीव त्या दिव्यात अडकलेला असतो, तळहाताला घाम सुटतो. तिलाबी सुटत असंल, ती इस्टेरिंगवरनं एक एक हात काढून वढनीला पुसती. येताना मातर, मला धरून गाडीत बसवलं की ती आपसूक खटका डावीकडं फिरवती. कधी मी म्हनलं न्हाई, कधी तिनं इचारलं न्हाई. गाडी इचार करत करत निघती, अजाबात हिसकत न्हाई. मी डोळे झाकून घेते. म्हंजी चालवनारं कोन हाय ते दिसत न्हाई.