उत्तरसूचीवरची चिकटपट्टी

औषधांच्या दुकानात एक सोय असते. मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या खोक्यात टाकायच्या, खोकं भरलं की कंपनीचा माणूस येऊन परत घेऊन जातो. किश्श्यांची अशी सोय नाही. आमच्या तीन घरांनी मिळून मुलांसाठी बीजगणिताचं एक पुस्तक निवडायला घेतलं, आणि एवढ्याशा कामात इतके किस्से साठले की ठेवायला जागा उरली नाही. परत नेणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी मंडळी कोण ते ऐका. मी लेले, पुण्यात धायरीला मेडिकल चालवतो. धंद्यानेच संशयी झालोय. चिठ्ठी समोर आली की आधी तारीख बघतो, मग डॉक्टरची सही, मग गिऱ्हाइकाचं तोंड. माझी मुलगी जुई चौदा वर्षांची आहे, शाळेत जात नाही, घरीच शिकते. येरवड्याच्या अनुजाताई सॉफ्टवेअर टेस्टर आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा त्यांना पगार मिळतो. येरवड्याला राहतात म्हटलं की लोक हसतात, म्हणून त्या आधीच सांगून टाकतात, "तुरुंगाच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला." त्यांचा अर्णव दिवसाचे चार तास तबला वाजवतो. तिसरे मांजरी गावचे संतोषअण्णा. घरचा ऊस आहे, आणि मुलगी तेजस्विनी कुस्ती खेळते. सकाळ-संध्याकाळ तालीम असल्यामुळे तिला शाळा जमत नाही.

तिन्ही मुलं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसणार. बोर्डाचं पुस्तक तेव्हा येईलच. त्याआधी पाया पक्का करणारं एखादं पुस्तक हवं होतं, एवढंच.

*

घरी शिकणारी मुलगी म्हटलं की लोकांना काहीतरी काळंबेरं दिसतं. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. एकदा गोळ्या खिशात टाकल्या, इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरवर वाकून म्हणाले, "अहो लेले, मुलगी शाळेत जात नाही म्हणे. काही आजार वगैरे?"

"हो, शाळेची ॲलर्जी आहे."

"अरेरे. मग त्याच्यावर औषध?"

"अजून निघालं नाही. आलं की पहिली पट्टी तुमच्यासाठी ठेवतो."

पुढच्या महिन्यात त्यांनी गोळ्या दुसऱ्या दुकानातून घेतल्या. संशयी माणूस फार काळ एका मेडिकलला टिकत नाही.

*

जुई शाळेतून का निघाली तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सातवीत असताना तिने गणिताच्या चाचणीत नुसती उत्तरं लिहिली. एकही पायरी नाही, आणि सगळी उत्तरं बरोबर. बाईंनी वर्गासमोर विचारलं, "कुणाचं बघून लिहिलंस?" ती म्हणाली, "पायऱ्या डोक्यात आहेत." त्यावर मला शाळेत बोलावलं.

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. बाईंनी पेपर समोर ठेवला. मी तारीख बघितली, सही बघितली, मग जुईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "खरं सांग, कुणाचं बघून लिहिलंस?"

ती रडली नाही. पण त्यानंतर चार महिने तिने गणिताच्या वहीला हात लावला नाही. शाळा सोडून घरी शिकायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. "तो प्रश्न मला घरात कुणी विचारायचा नाही. विचारला तर गणित कायमचं बंद."

मी कबूल केलं. बाईंचं एक वेळ ठीक होतं, त्यांना चाळीस मुलं होती. मला एकच आहे. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

*

पुस्तकं आणायला मी अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदार पेपर वाचत होते.

"बीजगणिताचं चांगलं पुस्तक दाखवा."

"वाईट आम्ही ठेवत नाही."

त्यांनी तीन पुस्तकं पुढे सरकवली. एक निळं, एक हिरवं, एक पिवळं. मी पहिल्याचं कव्हर बघितलं, आवृत्ती बघितली, बांधणी ओढून बघितली, मध्येच एक पान उजेडात धरलं. पेपरच्या मागून आवाज आला, "नोट नाहीये ती."

मी विचारलं, "यात चुका नाहीत ना?"

"मुलगी कितवीत आहे?"

"शाळेत नाही जात. घरी आम्हीच शिकवतो."

त्यांनी पेपर खाली केला, मला नीट बघून घेतलं आणि पुन्हा वर केला. "मग असल्या तरी कळणार कुणाला?"

मी तिन्ही पुस्तकं घेतली.

*

पहिली बैठक मांजरीला अण्णांच्या ओसरीवर झाली. तीन पुस्तकं मध्ये, आम्ही तिघं भोवती.

निळ्या पुस्तकावर लेखक म्हणून छापलं होतं, 'अनुभवी शिक्षकांचे मंडळ'. मी म्हटलं, "ज्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नाही ती मी कपाटात ठेवत नाही." हिरवं पुस्तक परदेशी वळणाचं होतं. त्यातला प्रत्येक माणूस शेजाऱ्याच्या दारातला बर्फ उपसत होता. कोण किती तासांत उपसेल, ते आपण काढायचं. अण्णांनी दोन-तीन गणितं ऐकून घेतली. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या धायरीत टँकर किती वाजता यील, आसं गणित हाय का बघा त्याच्यात." मेडिकल आहे म्हणून अण्णा मला डॉक्टर म्हणतात. मीही दुरुस्त करत नाही.

पिवळ्यात काही खोट सापडेना, म्हणून त्याचा जास्त संशय आला.

शेवटी अनुजाताईंनी नियम काढला. "वरवर चाळून मत द्यायचं नाही. प्रत्येक पुस्तकातलं समीकरणांचं प्रकरण प्रत्येकाने स्वतः सोडवायचं. वहीत. सगळी गणितं. पुस्तकं आळीपाळीने घरी न्यायची. स्वतः वापरल्याशिवाय मी कुठलीच गोष्ट पास करत नाही."

अण्णा म्हणाले, "आमचं गणित वजनकाट्याच्या म्होरं न्हाई गेलं, ताई."

"मग आता जाईल," अनुजाताई म्हणाल्या.

*

मी दुकानात बसून सोडवायला घेतली. खोकल्याचं औषध मागायला कोणी आलं की वही ड्रॉवरमध्ये, गेलं की बाहेर. चौथ्या गणितापर्यंत बरं चाललं होतं. पाचव्याला अडलो आणि सहज शेवटची पानं उघडली. नुसतं पडताळून बघायला. पडताळणं म्हणजे काही चोरी नव्हे. पुढे पुढे मी आधी पडताळायचो आणि मग सोडवायचो. त्यात वेळ वाचतो.

एक दिवस अण्णांचा फोन आला. "डॉक्टर, पिवळ्यातलं आठवं झालं का तुमचं? बाप पोरीच्या चौपट वयाचा, आन पाच वर्सांनी तिप्पट व्हनार. पोरीचं वय काढा म्हनत्यात."

"झालं की. पंधरा."

"माझं बी पंधराच हाय. पर मग बाप साठ वर्सांचा झाला ना? पोरगी झाली तवा पंचेचाळीसचा व्हता. लगीन उशिरा झालं का काय त्याचं?"

"अहो अण्णा, पुस्तकातल्या लोकांच्या घरच्या चौकशा आपण कशाला करायच्या?"

"ते बी खरंच हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

*

मतदानाला तिघांनी पिवळं पुस्तक उचललं. एकमताने. तीन माणसांचं एकमत झालं की मी दचकतो, पुण्यात तर जास्तच.

कारणं मात्र वेगवेगळी निघाली. अनुजाताई म्हणाल्या, अनुक्रमणिका व्यवस्थित आहे. अण्णा म्हणाले, बांधणी मजबूत आहे, तालमीच्या पिशवीत टिकेल. मी म्हणालो, लेखकाचं नाव आणि पत्ता दोन्ही छापलेत. निळ्या आणि हिरव्या पुस्तकात फक्त एकाआड एक गणितांची उत्तरं होती आणि पिवळ्यात सगळ्यांची, हा मुद्दा कोणीच काढला नाही.

*

पुस्तकाच्या तीन प्रती आल्या आणि लगेच प्रश्न उभा राहिला. मुलं मागची उत्तरं बघून लिहितील, त्याचं काय करायचं? अण्णांचं म्हणणं, ती पानं फाडून गव्हाच्या कोठीत टाकू. अनुजाताईंना पुस्तक फाडणं पटेना. शेवटी मी दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणली, ड्रेसिंगला वापरतात ती. तिन्ही पुस्तकांची शेवटची पानं चहूबाजूंनी बंद केली आणि पट्टीवर आम्ही तिघांनी सह्या ठोकल्या. तिघं हजर असल्याशिवाय उघडायचं नाही, असं ठरलं.

जुई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, हे आमच्यासाठी आहे का?"

मी म्हणालो, "छे छे, पानं सुटू नयेत म्हणून."

माझी बायको वैशाली आत चपात्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "पानं की मुलं?"

जुई पट्टीवरच्या माझ्या सहीकडे बराच वेळ बघत राहिली. मला ते आवडलं नाही. आपण तो प्रश्न तोंडाने विचारला नाही, पण चिकटपट्टीवर लिहून ठेवला, असं वाटत राहिलं.

*

समीकरणांचं प्रकरण शिकवून झाल्यावर एका रविवारी सकाळी आमच्या घरी परीक्षा ठेवली. त्याच प्रकरणातली दहा गणितं. बंदोबस्त कडेकोट होता. अर्णव हॉलमध्ये, तेजस्विनी गॅलरीत, जुई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तिघांचे फोन एका औषधाच्या खोक्यात, आणि खोकं माझ्या मांडीवर.

वेळ संपल्यावर आम्ही तिघं जुईच्या टेबलाशीच कागद तपासायला बसलो. उत्तरसूची उघडायची म्हणजे मुलांदेखत पट्टी फाडायची. अनुजाताई म्हणाल्या, "कशाला? आपल्या वह्या आहेत की. तिघांनी सोडवलंय, तिन्ही जुळतायत. यापेक्षा खात्रीचं काय असणार?"

नऊ गणितं तिन्ही मुलांची बरोबर आली. आठवं तिघांचंही चुकलं. आमच्या तिन्ही वह्यांत उत्तर पंधरा, आणि तिन्ही मुलांच्या कागदावर दहा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चुकणं ठीक आहे, पण तिघांनी एकच चूक करायची म्हणजे काय? अनुजाताई हळूच म्हणाल्या, "कुणीतरी कुणाचं तरी बघितलंय." अण्णांना आठवलं की तेजस्विनी मध्येच पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली होती. अर्णवही गेला होता. हातात कागद होता का? असेल. आणि स्वयंपाकघरात कोण बसलं होतं?

अर्णवच्या आणि तेजस्विनीच्या कागदावर पायऱ्या होत्या. त्या वाचायचं आम्हाला सुचलं नाही. जुईच्या कागदावर नुसतं 'दहा' लिहिलेलं होतं.

मी कागद हातात घेतला. वरची तारीख बघितली. तिचं नाव बघितलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तो प्रश्न तोंडातून निघालाच.

"जुई, कुणाचं बघून लिहिलंस?"

वैशाली दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. जुईने पेन्सिल टेबलावर ठेवली. मला कळलं की आता संपलं. सातवीतून इथपर्यंत आणलेलं सगळं मी एका वाक्यात घालवलं.

ती उठली. आमच्या तिन्ही वह्या तिने ओढून घेतल्या, आठवं गणित उघडून एकीशेजारी एक मांडल्या आणि विचारलं, "बाबा, पुस्तकातल्या मुलीचं वय किती?"

"पंधरा."

"बापाचं?"

"साठ."

"पाच वर्षांनी?"

"वीस. आणि पासष्ट."

"विसाची तिप्पट?"

अण्णा पुटपुटले, "तरी मी फोनवर इचारलं व्हतं."

"आता आमचं बघा," जुई म्हणाली. "मुलगी दहा, बाप चाळीस. पाच वर्षांनी पंधरा आणि पंचेचाळीस."

यात पडताळायला काही उरलंच नव्हतं. अनुजाताई पुस्तकाच्या शेवटच्या पानांकडे, चिकटपट्टीवरच्या स्वतःच्या सहीकडे बघत होत्या. जुईने तिन्ही वह्यांतल्या तिन्ही पंधरांवर एकेक करून बोट ठेवलं.

"तुम्ही तिघांनी कुणाचं बघून लिहिलंत?"

अर्णव आणि तेजस्विनी हॉलच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. जुईने माझ्या मांडीवरचं खोकं उचललं, मुलांचे फोन त्यांना परत दिले आणि रिकामं खोकं आमच्यापुढे धरलं. अण्णांनी पहिल्यांदा आपला फोन टाकला, मग अनुजाताईंनी, मग मी. तिने तीन कोरे कागद काढले आणि पुस्तकाचं पुढचं पान उघडलं.

"अण्णाकाका गॅलरीत, अनुजामावशी हॉलमध्ये, बाबा इथे," ती म्हणाली. "पहिली तीन गणितं. पायऱ्यांसकट."